मुलांच्या लेखनाला वाचक हवा

शाळेतील निबंधाची वही साधारणपणे एकच माणूस वाचतो, आणि तो म्हणजे ती तपासणारा शिक्षक. लिहिणारा विद्यार्थी लाल खुणा व खालचा शेरा पाहून वही दप्तरात टाकतो. स्वतः लिहिलेले पुन्हा वाचण्याचे कारण त्याला उरत नाही. ज्या शिक्षकासाठी हे सारे लिहिले जाते, त्यालाही त्यातून काही नवे कळावे अशी कोणाची अपेक्षा नसते. 'पावसाळा' या विषयावरचे साठ निबंध तो एका रविवारी तपासून काढतो, आणि साठही वह्यांत मोर नाचत असतो, धरणीमातेने हिरवा शालू नेसलेला असतो व बळीराजा सुखावलेला असतो.

यात मुलांना दोष देणे योग्य होणार नाही. ज्याला आपले काही सांगावे असा माणूस समोर नसला, म्हणजे लिहिणारा मान्य होईल तेवढेच लिहितो. गाईडमधला निबंध मान्य होतो, त्याला गुण मिळतात, आणि मूल त्यातून एक धडा अचूक शिकते: लिहिणे म्हणजे दुसऱ्याचे शब्द नीट उतरवून काढणे. पुढे दहावी-बारावी झालेला तरुण साधा अर्ज लिहिण्यासाठी कोणाच्या तरी दारात उभा राहतो, तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटते. वास्तविक तसे वाटण्याचे कारण नाही.

ही अवस्था सर्वत्र असली, तरी ठाणे आणि डोंबिवली यांच्या मध्ये असलेल्या दिव्यासारख्या वस्तीत ती अधिक बोचते. मुळात हे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. वसईकडे आणि पनवेलकडे जाणारे लोहमार्ग येथे फुटतात म्हणून रेल्वेच्या नकाशावर ते मोठे जंक्शन. आणि मुंबई-ठाण्यात घर घेणे परवडत नाही म्हणून कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून व उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांनी दाटीवाटीने भरलेले आजचे उपनगर. वर्तमानपत्रांत दिव्याचे नाव येते ते बहुधा संकटाच्या निमित्ताने. २ जानेवारी २०१५ रोजी लोकलगाड्यांच्या गोंधळाला कंटाळलेल्या प्रवाशांचा येथे उद्रेक झाला, तेव्हा ते आले. कचराभूमी हटवण्याच्या मागणीच्या निमित्ताने ते वर्षानुवर्षे येत राहिले. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान खच्चून भरलेल्या गाड्यांतून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा पुन्हा आले. हे सारे दिव्याविषयी इतरांनी लिहिलेले आहे. ज्या मुलाच्या घरात जुलैमध्ये पाणी शिरते, आई भांडीकुंडी पलंगावर रचते आणि बाप सकाळच्या लोकलला लोंबकळत कामावर जातो, ते मूल मात्र शाळेत बसून मोराच्या पिसाऱ्याचे वर्णन करीत असते. त्याने मोर पाहिलेलाही नसतो.

यावर उपाय नवा नाही आणि खर्चिकही नाही. मुलांनी लिहिलेले शिक्षकाच्या कपाटातून बाहेर काढून वर्गाच्या भिंतीवर, सर्वांना वाचता येईल असे लावावे, ते नियमित लावावे आणि वाचणाऱ्यांना त्यावर बोलू द्यावे, एवढाच तो उपाय. आपल्याकडे यासाठी 'भित्तिपत्रक' हा चांगला शब्द आहे. त्याचे चुलत भावंड म्हणजे शाळेचे वार्षिक 'हस्तलिखित'. त्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. हस्तलिखिताची परंपरा मोठी आहे व तिने अनेकांना लेखनाची गोडी लावली, हे खरे. परंतु बहुतेक शाळांत त्याचे रूप असे झाले आहे की वर्गातील पाच-सहा सुवाच्य अक्षरांची मुले निवडली जातात, त्यांच्याकडून सुविचार, विनोद आणि थोरांची चरित्रे उतरवून घेतली जातात, वेलबुट्टी काढली जाते, स्नेहसंमेलनाला पाहुणे ते कौतुकाने चाळतात आणि दुसऱ्या दिवशी ते कुलूपबंद होते. अक्षर सुंदर, कागद सुंदर. पण लिहिणारा कोण, त्याने काय पाहिले आणि ते कोणी वाचले, या तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही.

मुलाच्या लेखनाला खरा वाचक मिळवून देण्याचा विचार शंभर वर्षांपूर्वी एका फ्रेंच खेडेगावातील शिक्षकाने पद्धतशीरपणे केला. सेलेस्तँ फ्रेने हे त्यांचे नाव. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला झालेल्या जखमेमुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलता येत नसे. १९२० साली ते दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या गावी शिक्षक झाले. शिक्षकाला बोलवत नाही, तर मुलांनी बोलावे. ही अगदी व्यवहाराची सोय होती. फ्रेने मुलांना गावात फिरावयास नेत, परतल्यावर मुले पाहिलेले सांगत, ते फळ्यावर उतरवले जाई. १९२४ मध्ये त्यांनी एक लहानसे छपाईयंत्र आणले आणि फळ्यावरचा तो मजकूर मुलांनीच खिळे जुळवून छापावयास आरंभ केला. एकेक अक्षर हाताने जुळवताना शब्दाचे लेखन आपोआप तपासले जाते. चूक राहिली तर ती छापून सर्वांना दिसते. शुद्धलेखनाला येथे प्रथमच कारण मिळाले. लवकरच फ्रेने यांनी फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतील त्रेगँक येथील एका शिक्षकाच्या वर्गाशी छापील कागदांची देवाणघेवाण सुरू केली. डोंगरातली मुले समुद्राकाठच्या मुलांना आपल्या गावाविषयी लिहू लागली. ज्याने आपले गाव पाहिलेले नाही त्याला ते समजावून सांगावयाचे, म्हणजे कोणताही तपशील गृहीत धरून चालत नाही. निबंधाच्या कोणत्याही पाठापेक्षा ही शिकवण पक्की होते.

फ्रेने यांच्या या पद्धतीचे एक अनुयायी इटलीत होते, मारिओ लोदी. ते १९६३ साली फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील डोंगरात बार्बियाना येथे एका धर्मगुरूंना भेटावयास गेले. फादर लोरेन्झो मिलानी यांची डिसेंबर १९५४ मध्ये तेथे नेमणूक झाली होती. एक चर्च, विखुरलेली घरे, आणि सरकारी शाळेने नापास करून घरी बसवलेली शेतकऱ्यांची मुले, एवढेच बार्बियाना. मिलानी यांनी त्या मुलांसाठी शाळा चालवली. लोदींच्या भेटीनंतर त्यांच्या वर्गाने व बार्बियानाच्या मुलांनी एकमेकांना पत्रे लिहिली, आणि ती पत्रे लिहिता लिहिता सर्वांनी मिळून लिहिण्याची एक रीत तयार झाली. या रीतीतूनच पुढे मे १९६७ मध्ये आठ मुलांनी लिहिलेले एका शिक्षिकेस पत्र पुस्तकरूपाने बाहेर पडले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आलेले आहे. पुस्तक निघाल्यावर महिन्याभरातच, २६ जून १९६७ रोजी, मिलानी निवर्तले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २० जून २०१७ रोजी बार्बियानाला जाऊन त्यांच्या कबरीपुढे प्रार्थना केली.

बार्बियानाची ही रीत आमच्या वर्गशिक्षकांनी समजून घ्यावी अशी आहे, कारण तिच्यात गूढ असे काहीच नाही. प्रत्येक मुलाच्या खिशात टिपणवही असे. सुचेल ते तेव्हाच टिपायचे, एका चिठ्ठीवर एकच विचार, आणि कागदाच्या एकाच बाजूला. ठरलेल्या दिवशी सर्व चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर मांडायच्या. सारख्या असतील त्या बाजूला काढायच्या, नात्यातल्या चिठ्ठ्यांचे ढीग करायचे, प्रत्येक ढिगाला नाव द्यायचे. नाव देता येत नसेल तर ढीग चुकला असे समजून तो फोडायचा. मग ढिगांचा क्रम लावून पहिला खर्डा करायचा. त्यानंतरचे काम सर्वांत लांबचे: प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून त्यातला अनावश्यक शब्द काढायचा, अवघड शब्दाच्या जागी सोपा घालायचा, आणि शेवटी बाहेरच्या माणसांना बोलावून वाचून दाखवायचे. त्यांना समजले नाही तर चूक लिहिणाऱ्याची. फार शिकलेल्या माणसापेक्षा कमी शिकलेला श्रोता येथे अधिक उपयोगी पडतो, हे विशेष.

आपल्या महाराष्ट्रात या संदर्भात अमळनेरची आठवण होणे स्वाभाविक आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केले. गुरुजींचे दैनिक फ्रेने यांच्या पत्राहून वेगळे होते, कारण त्यातील लेखन मुख्यतः गुरुजींचेच असे. तरीही त्यात एक गोष्ट आहे जी आजच्या शाळांत दुर्मिळ झाली आहे. शिक्षक स्वतः लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो, आणि मुलांना आपले वाचक मानतो. तबलजी विद्यार्थ्यांपुढे वाजवून दाखवतो, चित्रकलेचे शिक्षक फळ्यावर रेघ ओढून दाखवतात. भाषेचा शिक्षक मात्र 'लिहा' म्हणून खुर्चीवर बसतो. वर्गाच्या भित्तिपत्रकात शिक्षकाचाही मजकूर असावा, तो मुलांच्याच आकाराच्या कागदावर असावा आणि मुलांनी त्यावर शंका विचारल्यास शिक्षकाने उत्तर द्यावे, असे आम्हांस वाटते.

आता दिव्यातील एखाद्या सातवीच्या वर्गात हे कसे चालेल, ते पाहू. वर्गात साठ मुले धरली, तर दहा-दहांचे सहा गट होतात. दर आठवड्याला एका गटाचा अंक. म्हणजे प्रत्येक मुलाला तयारीला पाच आठवडे मिळतात आणि एका सत्रात त्याचे लेखन दोन-तीनदा भिंतीवर येते. अंकासाठी दोन कार्डशीट पुरतात. त्याखाली एक कोरा कागद टाचणीने लावावा व वाचणाऱ्याने त्यावर आपले नाव लिहून एक प्रश्न विचारावा असा नियम करावा. 'छान आहे', 'आवडले' असे शेरे चालणार नाहीत, प्रश्नच हवा. हा कोरा कागद अंकाइतकाच महत्त्वाचा आहे.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका मुलीने लिहिले: 'आमच्या भागात पाणीटंचाईची समस्या गंभीर आहे. पाणी हेच जीवन आहे. आपण पाणी जपून वापरले पाहिजे.' वाक्ये शुद्ध आहेत, परीक्षेत गुण मिळतील, पण हे कोणीही कोठेही बसून लिहू शकेल. कोऱ्या कागदावर वर्गमैत्रिणींनी विचारले: पाणी किती वाजता येते? तेव्हा कोण जागे असते? नळाला आधी कोण लागते? आले नाही तर काय करता? पुढच्या फेरीत तिनेच लिहिले: 'पाणी रात्री दीडला येते. आई नळाजवळच बसून असते, तिला गजर लागत नाही. पहिले पाणी गढूळ येते, ते सोडून देतो. दोन पिंपे भरली की मला उठवतात, कारण हंडे वर नेण्याचे काम माझे आहे. सकाळी शाळेत मला झोप येते ती त्यामुळे.' हे उदाहरण आम्ही रचलेले आहे, पण असे लेखन कोणत्याही वर्गात दडलेले असते. येथे शिक्षकाने एक शब्दही सुचवलेला नाही. त्याने वाचक जमवले, आणि वाचकांनी प्रश्न विचारले. शिवाय शेवटच्या वाक्यातून त्या मुलीविषयी शिक्षकाला जे कळले, ते हजेरीपटातून कधीच कळले नसते.

चुकांचे काय, असा प्रश्न येथे हमखास येतो. भिंतीवर लावण्याचा मजकूर शुद्ध असावा, याविषयी आमचेही दुमत नाही. परंतु पहिल्याच खर्ड्यावर लाल शाईचा पाऊस पाडला, तर पुढच्या वेळी मूल केवळ येणारे शब्द वापरते व लेखन आखडते. पहिल्या खर्ड्यात फक्त अर्थ पाहावा. दुसऱ्यात वाक्य तुटले आहे की नाही ते पाहावे. ऱ्हस्व-दीर्घ व अनुस्वार शेवटच्या प्रतीच्या वेळी, आणि तेही मुलांनीच जोडीजोडीने शब्दकोश घेऊन तपासावे. आपल्या नावाने भिंतीवर लागणार असलेल्या कागदातली चूक शोधण्यास मूल जितके तत्पर असते, तितके ते वहीतल्या चुकीबाबत कधीही नसते.

याहून नाजूक प्रश्न बोलीचा आहे. दिव्याच्या वर्गात आगरी बोलणारे मूल असते, मालवणी बोलणारे असते, मराठवाड्याचे असते, घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलून शाळेत मराठी शिकणारेही असते. आगरी मूल बापाला 'बापूस' म्हणते, मालवणी मूलही 'बापूस'च म्हणते. वहीत मात्र दोघांनाही 'वडील' लिहावे लागते. फलटणला प्रगत शिक्षण संस्था उभारणाऱ्या मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन. फलटणच्या मराठीत समाजागणिक होणारा फरक हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता. मुलाच्या घरच्या भाषेला हसणारी शाळा त्या मुलाला गप्प करते, हे त्यांच्यासारख्यांच्या कामातून पुन्हा पुन्हा पुढे आलेले आहे. म्हणून निवेदन प्रमाण मराठीत असावे, परंतु माणसे बोलतील ती त्यांच्याच बोलीत बोलावीत, असा समझोता करावा. कथा-कादंबऱ्यांत आपण तो आनंदाने स्वीकारतो. सातवीच्या मुलाला तो नाकारण्याचे कारण दिसत नाही. हिंदी घरातल्या मुलाने पहिला खर्डा हिंदीत लिहून मग मित्राच्या मदतीने मराठीत आणला, तर दोघांचाही अभ्यास होतो.

भित्तिपत्रकाला एक धोका आहे आणि तो लपवून चालणार नाही. चाळीत भिंतीला भिंत लागून घरे असतात. मुलाने लिहिलेले शेजारच्या घरातले मूल वाचते आणि संध्याकाळपर्यंत ते घराघरांत पोहोचते. बापाचे दारू पिणे, घरातले भांडण, थकलेले भाडे, बहिणीचे मोडलेले लग्न या गोष्टी मूल निरागसपणे लिहून जाते. छापावे काय, यापेक्षा काय छापू नये हे ठरवण्यातच संपादकाचा अधिक वेळ जातो, असा आमचा अनुभव आहे. शिक्षकाने येथे संपादकाचे काम करावे: प्रत्येक मजकूर लावण्यापूर्वी स्वतः वाचावा, मुलाला एकांतात विचारावे, आणि शंका असल्यास तो कागद भिंतीवर न लावता मुलाला परत द्यावा, 'हे चांगले लिहिले आहेस, हे तुझ्यापाशी ठेव' असे सांगून. आणि लेखनातून मुलावर अत्याचार होत असल्याचे दिसले, तर तो विषय भित्तिपत्रकाचा राहत नाही. बालकांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी त्यासाठीच आहे, आणि लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये पोलिसांना माहिती देणे बंधनकारक आहे. शिक्षकांना हे आधीच ठाऊक असावे.

वेळ कोठून आणावा, ही मुख्याध्यापकांची नेहमीची हरकत. आठवड्याच्या मराठीच्या तासांपैकी दोन द्यावे लागतील, हे उघड आहे. परंतु राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हाच आकारिक मूल्यमापनात उपक्रम व प्रकल्प यांना जागा देण्यात आली. आज त्या जागेवर बहुधा दुकानातून आणलेली चित्रे चिकटवलेली वही सादर होते. तिच्याऐवजी मुलाचे सत्रातील दोन-तीन लेख, पहिल्या खर्ड्यासह, ठेवले तर शिक्षकाला गुण देण्यास खरा आधार मिळेल. साठ सारखे निबंध तपासण्याचा रविवारही वाचेल.

बाहेरचा वाचक मिळवण्याच्या बाबतीत तर दिव्याची सोय फ्रेने यांच्या खेड्याहून चांगली आहे. सावंतवाडीची गाडी दिव्याहूनच सुटते. वर्गातील किती तरी मुलांचे आजी-आजोबा त्याच मार्गावरच्या गावांत राहतात आणि मे महिन्यात, गणपतीत ही मुले त्याच गाडीने जातात. सिंधुदुर्गातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या सातवीशी अंकांची अदलाबदल ठरवली, तर महिन्यातून एक लिफाफा इकडून जाईल व एक तिकडून येईल. तिकडच्या मुलांना लोकलची गर्दी समजावून सांगावी लागेल. दिव्याच्या मुलांना भाताची लावणी नेमकी कशी करतात, तरवा म्हणजे काय, हे विचारावे लागेल. ज्यांच्या बापजाद्यांनी दिव्यात भात लावला, ती आगरी मुले त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरे घरीच विचारून आणतील. दिवाळीची सुट्टी संपल्यावर हे काम सुरू केले, तर वार्षिक परीक्षेपूर्वी तीन-चार लिफाफे सहज होतात. पहिल्या लिफाफ्यात शाळेपासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्याचे वर्णन असावे, आणि ते वाचून तिकडच्या एखाद्या मुलाने त्या रस्त्याचा नकाशा काढून परत पाठवावा. नकाशात जेथे चूक निघेल, तेथे वर्णन पुन्हा लिहायचे.